रोप कशात वाढले, तेही लिहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा अध्यक्ष, राज्य सहायक प्रजनन तंत्रज्ञान व सरोगसी मंडळ, यांस



हे पत्र कुरवंड्याहून लिहिते आहे. लोणावळ्यातून आयएनएस शिवाजीच्या कडेने आत आले की आमचे गाव लागते. पुढे नागफणीचा सुळका, आणि कड्याखाली थेट कोकण. आषाढात इथे धुके घरात शिरते आणि आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. थोडी भातशेती आहे, आणि घरात पाच वर्षांची नात आहे. या पत्राचे कारण ती नात.

माझ्या मुलीला लग्नानंतर नऊ वर्षे मूल नव्हते. तिसऱ्या खेपेला आयव्हीएफ यशस्वी झाले. ज्या डॉक्टरांनी हे मूल आमच्या ओटीत घातले त्यांचे, आणि ज्यांचे तोंडही आम्ही कधी पाहिले नाही त्या प्रयोगशाळेतल्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की बाई या उपचाराच्या विरोधात आहेत. तसे अजिबात नाही. नऊ वर्षे माझी मुलगी प्रत्येक डोहाळजेवणात मागच्या रांगेत बसली. ते मी पाहिले आहे. ज्या शास्त्राने तिला पुढे आणून बसवले, त्या शास्त्राला मी नावे ठेवणार नाही. पण त्याच शास्त्राने गेल्या पंचवीस वर्षांत स्वतःविषयी काही प्रश्न उभे केले आहेत. त्यांची उत्तरे शोधायला लागणारी नोंद आपल्याकडे कुटुंबाच्या हाती येत नाही. माझे म्हणणे एवढ्याच एका गोष्टीपुरते आहे.

मुलीची फाइल माझ्याकडे आहे. दीड इंच जाड. इंजेक्शनांच्या कुप्यांवरची स्टिकरे एका पानावर ओळीने चिकटवलेली आहेत. सोनोग्राफीत कोणत्या दिवशी किती फॉलिकल दिसले, त्यांचे माप किती, ते आहे. अकरा स्त्रीबीजे निघाली, सात फळली, पाचव्या दिवशी दोन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस वाढलेले भ्रूण, मिळाले, त्यांतला एक त्या वेळी गर्भाशयात ठेवला आणि एक गोठवला, हेही आहे. भूलतज्ज्ञाची सही आहे. अगदी त्या दिवशीच्या चहा-बिस्किटांचे बिल आहे. मात्र ते पाच दिवस माझी नात कशात होती, हे कुठेही नाही. ज्या द्रवात भ्रूण वाढवतात त्याला लॅबमध्ये ‘मीडिया’ म्हणतात. तो कोणता होता? इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन किती होता? तिसऱ्या दिवशी मीडिया बदलला, की पाचही दिवस एकच ठेवला? मी विचारले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले, “मॅडम, ते लॅबचं असतं, पेशंटला नाही लागत.” तिच्यावर माझा राग नाही, तिला जे शिकवले ते तिने सांगितले. पण आमच्या गावात गाय भरवायला पशुवैद्यकाचा माणूस येतो, तेव्हा त्याच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो आणि हा माणूस तो क्रमांक आमच्या वहीत लिहून देतो. वासराची एवढी नोंद होते. नातीची झाली नाही.

आता या पाच दिवसांना एवढे महत्त्व का, ते सांगते. वर्गात सांगायचे तसेच सांगते, कारण मला तसेच सांगता येते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत साधारण वीस हजार जनुके असतात, आणि ती सगळ्या पेशींत तीच असतात. डोळ्याच्या पेशीत तीच, यकृताच्या पेशीतही तीच. फरक पडतो तो कोणते जनुक चालू आणि कोणते बंद याने. दहावीच्या तीन तुकड्यांना पुस्तक एकच असते. पण ‘अ’ तुकडीच्या बाईंनी कुठे खूण केली, ‘ब’ तुकडीच्या सरांनी कोणता परिच्छेद गाळला, यावर कोण काय शिकले ते ठरते. मजकूर बदलत नाही, मजकुरावरच्या खुणा बदलतात. जनुकांवर अशा खुणा करणाऱ्या मुख्य वस्तूंपैकी एक म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. डीएनएवर नेमक्या जागी हा चिकटला की सहसा तिथले जनुक गप्प बसते. या सगळ्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द १९४२ साली वॉडिंग्टन यांनी घडवला, तेव्हा डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती.

बहुतेक खुणा पेन्सिलीच्या असतात. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आले की पहिल्या काही दिवसांत त्यांच्यावरच्या बऱ्याचशा जुन्या खुणा पुसल्या जातात आणि भ्रूण रुजण्याच्या सुमारास नव्या लिहिल्या जातात. पाटी स्वच्छ करून नवे वर्ष सुरू करावे, तसे. पण काही थोड्या खुणा शाईच्या असतात. माणसात अशी सुमारे शंभर जनुके आहेत की ज्यांची आईकडून आलेली प्रत चालते आणि वडिलांकडून आलेली गप्प राहते, किंवा याच्या उलट. याला इम्प्रिंटिंग म्हणतात. १९८४ मध्ये केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी उंदरांवर हे दाखवून दिले: दोन्ही भाग आईचेच घेऊन केलेले भ्रूण पूर्ण वाढू शकत नाही, त्याला बापाची छाप असलेला भाग लागतोच. त्याच काळात अमेरिकेत डेव्होर सोल्टर यांच्या गटालाही तेच आढळले. सुरानी भारतीय वंशाचे, केनियात जन्मलेले. ते ज्या रॉबर्ट एडवर्ड्सचे विद्यार्थी, त्याच एडवर्ड्सनी जगातले पहिले टेस्ट ट्यूब मूल घडवले. एकाच गुरूच्या घरातून उपचारही निघाला आणि त्या उपचाराला विचारायचा प्रश्नही निघाला, याचे मला फार अप्रूप वाटते.

तर जेव्हा पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जातात आणि शाईच्या खुणा जपाव्या लागतात, नेमके तेच दिवस भ्रूण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत असते. वीस-पन्नास मायक्रोलिटरचा थेंब, त्यावर तेलाचा थर, ३७ अंश उष्णता. आईच्या गर्भनलिकेत ऑक्सिजन दोन ते आठ टक्के असतो. बाहेरच्या हवेत तो जवळजवळ एकवीस टक्के असतो, आणि इन्क्युबेटर साधा असेल तर भ्रूणालाही साधारण तेवढाच मिळतो. नलिकेतला रस तासातासाला बदलतो. बशीतला थेंब कारखान्यातून आलेल्या बाटलीतला असतो. त्यात ग्लुकोज किती, अमिनो आम्ले कोणती, अल्ब्युमिन कुठले, हे उत्पादक नेहमी पूर्ण सांगतात असेही नाही.

इथे मला आमची दाढ, म्हणजे भाताची रोपे वाढवायची जागा, आठवते. मावळात वळवाच्या आधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या, वर माती असा थर देऊन तो पेटवतात. हा राब. तो भाजला की पहिल्या पावसात त्यात बी टाकायचे, आणि तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून खाचरात आवणी करायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत दिरांनी एकाच पिशवीतले इंद्रायणीचे बी दोन तुकड्यांत टाकले. एक तुकडा नीट भाजलेला होता. दुसरा वळवाने आधीच भिजला, भाजायचा राहून गेला. आवणी मात्र एकाच खाचरात झाली, पाणी तेच, खत तेच. निसवायच्या वेळी बांधावर उभे राहून ते मला म्हणाले, “वहिनी, बघा, ह्या पाच वळी भिजल्या दाढीच्या.” त्या वळी आखूड होत्या. बी तेच होते, जमीनही तीच होती. पहिल्या पंचवीस दिवसांची आठवण त्या रोपांनी चार महिने सांभाळली होती. आणि दिरांना ती ओळखता आली, कारण कोणती रोपे कुठली हे त्यांनी लक्षात ठेवले होते.

भ्रूण म्हणजे भाताचे रोप नव्हे, हे मला कळते. म्हणून प्रयोगांकडे वळते.

२००० साली अमेरिकेत उंदरांची भ्रूणे दोन वेगवेगळ्या मीडियांत वाढवली. एका मीडियात एच१९ नावाच्या जनुकाची बापाकडची प्रत, जी गप्प राहायला हवी, ती बोलू लागली. दुसऱ्या मीडियात शाईची खूण जागेवर राहिली. त्याच उंदरांची, तशीच भ्रूणे. २००१ मध्ये स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत, जिथे डॉली मेंढी जन्मली तिथेच, असे दिसले की बशीत वाढवून रोवलेल्या काही भ्रूणांची कोकरे अवाढव्य होतात, आणि त्यांच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकावरची मिथाइल खूण गेलेली असते. गुरांमध्येही असे होते. वासरू इतके मोठे की गाय अडते. गुरे राखणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून लगेच पोटात कालवते.

२००३ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि फ्रान्स अशा तीन ठिकाणांहून एकाच वर्षी माणसांबद्दल बातमी आली. बेकविथ-वीडमन नावाचा एक विरळ आजार आहे. बाळ मोठे, जीभ मोठी, बेंबीजवळ पोटाची भिंत कमकुवत, जन्मतः साखर खाली जाते, आणि पुढे मूत्रपिंडाच्या एका कर्करोगाचा धोका. साधारण दहा हजारांहून अधिक जन्मांत असे एखादे मूल. ही मुले आयव्हीएफसारख्या उपचारांनी जन्मलेल्यांत काही पटींनी अधिक सापडली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांत मूळ दोष जनुकात नव्हता, जनुकावरच्या आईच्या खुणेत होता. काही पटींनी म्हटले तरी हजारो मुलांत एखादेच, हे विसरू नये. पण त्या एकाच्या घरी हे वेळेवर कळणे किती मोलाचे! ठरावीक काळाने पोटाची सोनोग्राफी केली की तो कर्करोग लहान असतानाच सापडतो आणि मूल वाचते. मूल आयव्हीएफचे आहे हे बालरोगतज्ज्ञाला ठाऊक असेल तर थोरल्या जिभेकडे त्याचे लक्ष लवकर जाईल. आपल्याकडे मात्र मूल आयव्हीएफचे आहे हे दवाखान्याच्या पहिल्या कागदावरसुद्धा लपवतात. माझ्या मुलीनेही लपवले होते. सासरच्यांना सांगायचे नव्हते.

मग हॉलंड. तिथल्या सहा केंद्रांत ८३६ जोडप्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाची भ्रूणे एचटीएफ नावाच्या जुन्या, साध्या मीडियात वाढवली, दुसऱ्याची जी५ नावाच्या नव्या मीडियात. निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जी५ मधली भ्रूणे जास्त रुजली. पण जी बाळे जन्मली, त्यांत जुळी सोडून पाहिले, तर जी५ च्या बाळांचे वजन सरासरी १५८ ग्रॅमनी कमी भरले. आईबाप तसलेच, उपचार तेच. बदलला तो फक्त काही दिवसांचा थेंब.

दीडशे ग्रॅम म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. हॉलंडमध्ये म्हणू शकेल. आपल्याला म्हणता येणार नाही, आणि हे मला पुण्याच्याच कामामुळे कळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाया, त्यांची बाळंतपणे आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा चालवला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आमची बाळे हातापायांनी काटकुळी, पण पोटाशी आणि कातडीखाली चरबी मात्र त्यांनी राखलेली. साडेतीन किलोतून दीडशे ग्रॅम जाणे वेगळे आणि पावणेतीनमधून जाणे वेगळे.

याज्ञिकांच्या कामातली दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. त्या गावांतल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायांत बी१२ जीवनसत्त्व कमी होते. आपण शाकाहारी, किंवा मांस खाल्ले तरी सणासुदीला. ज्यांचे बी१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले. पुढे मधुमेहाकडे नेणारी हीच वाट. आता शरीर मिथाइल गट तयार करते ते फोलेट आणि बी१२ यांच्याच जोडीने. म्हणजे ज्या शाईने आणि पेन्सिलीने भ्रूणावर खुणा व्हायच्या, त्यांचा पुरवठा आपल्या बायांत मुळातच असमान आहे. त्यात आयव्हीएफच्या प्रत्येक बाईला पहिल्या भेटीपासून फोलिक ॲसिडची गोळी सुरू होते, ती योग्यच आहे, पण बी१२ तपासले जातेच असे नाही. माझ्या मुलीचे तपासले नव्हते. पाच दिवस बाटलीतल्या मीडियात आणि पुढचे नऊ महिने बी१२ कमी असलेल्या आईच्या पोटात असा प्रवास करणाऱ्या मुलाचे काय होते, हा प्रश्न मावळातला आहे, पुण्याचा आहे, विदर्भातला आहे. त्याचे उत्तर हॉलंड आपल्याला शोधून देणार नाही.

हॉलंडने दिलेले एक उत्तर मात्र आपल्या कामाचे आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवल्यामुळे तिथे उपासमार झाली. त्या काळात जी मुले गर्भात आली, त्यांना साठ वर्षांनी तपासले तेव्हा वाढीशी निगडित आयजीएफ२ या जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी आढळल्या. म्हणजे गर्भधारणेच्या सुमारास पडलेली खूण साठ वर्षे टिकू शकते. हे कळले कसे? कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात माणशी किती शिधा मिळत होता, याच्या नोंदी युद्धातही ठेवल्या होत्या म्हणून.

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच आवाजात सांगते, कारण हे पत्र एखादी आयव्हीएफच्या रांगेत बसलेली मुलगीही वाचेल. बाई गं, घाबरू नकोस. जगात या मार्गाने एक कोटीहून जास्त मुले जन्मली आणि बहुसंख्य निरोगी आहेत. मेलबर्नमध्ये या मार्गाने जन्मलेल्या, तेव्हा बावीस ते पस्तीस वयाच्या तरुणांच्या खुणा तपासल्या. जन्माच्या वेळच्या रक्तात इतरांपेक्षा काही फरक होते, पण मोठेपणी त्यांतले बहुतेक मावळलेले आढळले. हा निष्कर्ष २०१९ चा. शिवाय दोष सगळा थेंबाचा असे कोणी सिद्ध केलेले नाही. ज्यांना मूल होत नाही त्यांच्या बीजातच काही वेगळे असू शकते. वय जास्त असते. अंडाशयाला चेतवणारी इंजेक्शने असतात. भ्रूण गोठवून ठेवले तर बाळ थोडे वजनदार निघते, लगेच ठेवले तर थोडे हलके. या सगळ्या धाग्यांचा गुंता आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत झालेल्या कामात तर वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतल्या काही पुरुषांच्या वीर्यातच, शुक्राणूंची संख्या आणि चाल ठीक असूनही, एच१९ जवळची खूण बिघडलेली दिसली आहे. म्हणजे काही वेळा खूण बशीत जाण्याच्या आधीच पुसट असते. आमच्याकडे नऊ वर्षे सगळ्यांनी माझ्या मुलीकडेच बोट दाखवले. हे वाचताना मला ती नऊ वर्षे आठवली.

हा गुंता सोडवायचा तर प्रत्येक धागा वेगळा लिहिलेला हवा. न लिहिलेला धागा नंतर कोणालाही सापडत नाही.

महोदय, आपण ज्या राज्याचे आरोग्यमंत्री आहात, त्याच राज्यात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच त्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून एक मुलगी जन्मली. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचे नाव झाले. सार्वजनिक रुग्णालयात आणि सरकारी संशोधन संस्थेत हे काम झाले, याचा मला मराठी माणूस म्हणून आजही अभिमान आहे. पण त्याआधी आठ वर्षे, ३ ऑक्टोबर १९७८ ला, इंग्लंडमधल्या लुईस ब्राऊनच्या जन्मानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे करून दाखवले होते, तेही भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवून. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांची भलत्याच विभागात बदली झाली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ मध्ये मुखर्जींची हस्तलिखित टिपणे आनंद कुमार यांच्या हाती आली. त्यांनी ती बसून वाचली, आणि जाहीर लिहिले की पहिला मान माझा नाही, मुखर्जींचा आहे. स्वतःचा मान असा उचलून दुसऱ्याच्या हाती ठेवणारा शास्त्रज्ञ! आणि हे घडू शकले, कारण मुखर्जींनी भ्रूण कसे मिळवले, कशात ठेवले, कसे गोठवले, हे हाताने लिहून ठेवले होते. सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला त्या वहीने न्याय दिला.

आज आपल्याकडे कायदा आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम २०२१ चा, अमलात आला २५ जानेवारी २०२२ ला. त्यात स्त्रीचे वय २१ ते ५०, पुरुषाचे २१ ते ५५ ही मर्यादा आहे. भ्रूण दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येते. केंद्रांनी कागदपत्रे किमान दहा वर्षे जपायची आणि मग राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपवायची, असेही आहे. कायदा चांगला आहे आणि त्याची गरज होती. पण जे कागदावर आलेच नाही, ते दहा वर्षांनी नोंदवहीत कुठून जाणार?

म्हणून मागते आहे ती एकच मोठी गोष्ट. उपचार संपताना प्रत्येक जोडप्याला प्रयोगशाळेचे एक पान मिळावे, त्यांच्या भाषेत. मीडियाचे नाव आणि बॅच क्रमांक, बदलला असल्यास कोणत्या दिवशी, ऑक्सिजनचे प्रमाण, एकूण किती दिवस, भ्रूण ताजे की गोठवलेले, पेशी तपासायला काढल्या का. चांगल्या प्रयोगशाळा हे सगळे आपापल्या कामासाठी लिहीतच असतात, एम्ब्रियॉलॉजिस्टच्या टेबलावर ती वही असते. फक्त तिची एक नक्कल काउंटरच्या या बाजूला यायची आहे. याला नवी यंत्रे लागत नाहीत, इमारत लागत नाही. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर आमच्या उपकेंद्रातली परिचारिका तारखांचे रकाने भरते, तेवढीच मेहनत.

आणि ते पान नुसते घरच्या कपाटात पडू नये. राज्य मंडळाने परळच्या संस्थेला बरोबर घेऊन, जी कुटुंबे राजीखुशीने तयार होतील त्यांची मुले जन्माच्या वेळी, दुसऱ्या वर्षी, सहाव्या वर्षी आणि वयात येताना मोजावीत. वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, आईचे आणि मुलाचे बी१२. मुलांची नावे कोणाला कळू नयेत याची काळजी घ्यावी, कारण गावात हे अजून कुजबुजीने बोलले जाते. पुण्याच्या सहा गावांनी तीस वर्षे दाखवून दिले आहे की आपल्या बाया विश्वास बसला तर दरवर्षी वजनकाट्यावर येतात, मुलांना घेऊन येतात, पुढे सुनांनाही आणतात. साधी माणसे शास्त्राला साथ देत नाहीत, हे खरे नाही. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

केंद्रवाल्यांकडून एक शंका येईल, ती मी ऐकली आहे. एवढे सगळे लिहून दिले तर लोक घाबरतील, किंवा उद्या काही झाले तर कोर्टात जातील. माझा अनुभव उलटा आहे. लपवले की माणूस घाबरतो. मुलीच्या दुसऱ्या खेपेला, जेव्हा दिवस गेले नाहीत, तेव्हा ती रात्रभर एकच विचारत होती, “आई, माझ्यामुळेच का गं?” कोणी कागद समोर ठेवून सांगितले असते की भ्रूण असे होते, अशात वाढवले, इतके दिवस टिकले, पुढच्या वेळी हे बदलू, तर ती निदान झोपली असती. शिवाय मीडिया निवडताना आज केंद्राच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने एक आकडा असतो, शंभरात किती जणींना दिवस गेले. हॉलंडने दाखवले की जो मीडिया या आकड्यात पुढे, तोच बाळाच्या वजनात मागे असू शकतो. यातले काय निवडायचे, हे ज्यांच्या घरी ते मूल वाढणार आहे त्यांनाही विचारायला हवे. मी असते तर काय निवडले असते? नऊ वर्षांनंतर कदाचित तोच, ज्यात रुजण्याची शक्यता जास्त. पण मग बी१२ आधी तपासून घेतले असते, आणि बाळाच्या वजनाकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले असते.

नात जन्मली तेव्हा दोन किलो चारशे ग्रॅमची होती. आता धडधाकट आहे. नागफणीच्या पायवाटेवर माझ्यापुढे पळते, करवंदांच्या दिवसांत जीभ जांभळी करून येते, आणि पहिलीत जायच्या आधीच वाचते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मी दर सहा महिन्यांनी तिची उंची पेन्सिलीने लिहिते, बाजूला तारीख आणि वजन. जन्मापासूनचे सगळे आकडे एका वहीतही उतरवलेले आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मी ‘मीडिया’ असे लिहून पुढे जागा सोडली आहे. तिच्या आईने आता सासरी सगळे सांगितले आहे, आणि ही वही द्यायला ती तयार आहे. आपल्या मंडळाने मोजदाद सुरू केली की कळवावे. लोणावळ्याहून एसटीने मी स्वतः परळला आणून देईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
कुरवंडे, ता. मावळ, जि. पुणे